किरकोळ

दुपारी साडेतीनला मी ओट्यापाशी उभा राहून डब्यातले शेंगदाणे खात होतो. खात होतो म्हणजे, कुटासाठी भाजून ठेवलेत ते नीट खमंग झालेत की नाही एवढंच बघत होतो. तेवढ्यात खिशातला फोन किणकिणला. ‘मधल्या वेळचं खाणं नोंदवायचं राहिलं का?’ मी दचकून झाकण लावलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच भाजलेल्या शेंगदाण्यांपाशी चोरासारखं दचकावं, याचं मग मलाच हसू आलं.

खाल्लेल्याच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपचं हे बिऱ्हाड फोनमध्ये येऊन जेमतेम आठवडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, सहा किलो उतरवा. भाचीने दोन नावं सुचवली. एक मायफिटनेसपाल, २००५ पासूनचं, अमेरिकेतलं. दुसरं हेल्दीफायमी, बंगळुरूचं. “मामा, दोन्ही बघ आणि एक ठरव.” दोनातून एक ठरवणं मला बुटांच्या दुकानातही जमत नाही, म्हणून मी तिसरंच घेतलं. त्याचं नाव जाऊ दे.

निवडताना लोक म्हणे तारे बघतात, फुकटात काय काय मिळतं ते बघतात. मी शोधायच्या चौकटीत ‘फोडणीची पोळी’ लिहिलं. नाही. ‘कुस्करा’ लिहिलं. नाही. आमच्या मावशीकडे त्यालाच माणिकपैंजण म्हणतात, तेही लिहून बघितलं. त्यावर त्याने माझ्यापुढे पनीर ठेवलं. थालीपीठ मात्र होतं. एक सोडून पाच होती, आणि एका नगाला एकशेदहापासून तीनशेचाळीस कॅलरीपर्यंत. एकशेदहावालं ज्याने कोणी भरलं असेल, त्याच्या तव्यात तेल नव्हतं किंवा मनात पाप होतं. चहाच्या चमच्याने चमचाभर तेल म्हणजेच चाळीसेक कॅलरी. आणि थालीपीठाच्या मधल्या भोकात चमच्याने मोजून तेल घालणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. तिथे धार असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली. त्यात ५२८ पदार्थ आहेत, पण मुख्यतः कच्चा माल. ज्वारी आहे, शेंगदाणा आहे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी असतात, हे वाचून मी एकदा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. मग हात वरच्या फळीपर्यंत पोचतो हे लक्षात आलं.

या सगळ्या हिशोबाचं मूळ शोधत गेलं की ॲटवॉटर नावाचे एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ भेटतात. प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमला चार, चरबीच्या ग्रॅमला नऊ, हे आकडे त्यांच्याकडून आले. एकोणिसावं शतक संपताना त्यांनी खोलीएवढ्या बंद पेटीत माणसं दिवसचे दिवस ठेवली. जेवण मोजून एका लहानशा झडपेतून आत द्यायचं आणि बाहेर अंगाची ऊब मोजायची. हिशोब फार छान जुळला म्हणतात. जुळणारच. त्या पेटीत येता-जाता तोंडात टाकायला काही नव्हतं.

आमच्या घरी हिशोब अण्णा लिहीत. रात्रीची जेवणं झाली, अंथरुणं पडली, की ते खिसा पलंगावर रिकामा करायचे. नोटा एकीकडे, चिल्लर एकीकडे, चिल्लरीत परत नाण्यानाण्यांचे मनोरे. मग दूध, कोथिंबीर, इस्त्री, दाढीचं ब्लेड अशी एकेक ओळ लांब वहीत उतरायची. शेवटी बेरीज, आणि बेरजेनंतर शांतता. “सव्वा रुपया कुठे गेला?”

तो सव्वा रुपया माझ्या पोटात असायचा. खुंटीवर अण्णांचा सदरा लटकत असे आणि शाळेच्या वाटेवर वड्याची गाडी. मी गोधडीत श्वास रोखून पडलेला. अण्णा वरपासून बेरीज करायचे, मग खालपासून करायचे. शेवटी भांडी आवरता आवरता आई आतून म्हणायची, “अहो, किरकोळ लिहा आणि झोपा बघू.” टाकाची कुरकुर ऐकू यायची, मग टोपण लावल्याचा टक असा आवाज. त्या आवाजानंतर मला जी झोप लागायची तशी पुढे फारशी लागली नाही.

एकदा वही मिटताना अण्णा कोणाकडेच न बघता म्हणाले, “हल्ली किरकोळ फार वाढलंय.” पुढचे पंधरा दिवस मी वड्याच्या गाडीसमोरून पळत गेलो.

तर या ॲपमध्ये किरकोळ नाही, हे माझं गाऱ्हाणं. सकाळचा चहा आहे, दुपारच्या दोन पोळ्या, आमटी, वाटीभर भाजी, सगळं आहे. रात्री ते मला शाबासकी देतं की अजून दोनशे कॅलरी शिल्लक आहेत. काटा मात्र हलत नाही. भाची विचारते, “मामा, सगळं लिहितोस ना?” लिहितो की. आता पातेल्याच्या बुडाची खरवड हे काय जेवण झालं? शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद, तोही दोनदा, कारण हात पुढे आला तर नाही म्हणायचं नसतं. उरलेली अर्धी पोळी, ती तर मी खाल्लीच नाही, संपवली. मीठ बघायला घेतलेली उसळ. आणि हे शेंगदाणे.

परवा ‘स्वतःचा पदार्थ जोडा’ असं एक बटण सापडलं. मी लिहिलं, किरकोळ. त्याने विचारलं, मोजायचं कशात? ग्रॅम, वाटी की नग? नग म्हटलं. कॅलरी? बराच विचार करून दीडशे टाकल्या. अण्णांनी बहुधा दोनशे लिहिल्या असत्या.

वजन आहे तिथेच आहे. पण आता मी नुसतं ‘क’ टाइप केलं की ॲप आपणहून ‘किरकोळ’ पुढे करतं. काकडी त्याच्या खाली येते.