संध्याकाळचा जामीन

आज गुरुवार, सकाळची ड्युटी. गेटवर झडती, मोबाईल जमा, मग आत. जेलच्या दवाखान्यात सहा वर्षं झाली तरी सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात सूनबाई सिव्हिलला आहे म्हणून, आणि मीपण दुरुस्त करत नाही, कोण समजावत बसणार.

पहिलं काम टीबीच्या गोळ्या. एकेकाला समोर उभं करायचं, पाणी घे, गीळ, आ कर, जीभ वर कर. गोळी गालात दाबून नेणारे असतात ना, आणि झोपेच्या गोळीचं तर विचारूच नका, बराकीत तिला भाव आहे. इंजेक्शनं झाली की सुया आणि फुटलेले अँप्युल मोजायचे, एक जरी कमी भरला तरी कोणी जेवायला हलत नाही. परवा एक नवीन पोरगा रडकुंडीला आलेला, सिस्टर लघवीतून रक्त जातंय. म्हणलं अरे रक्त नाही, टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, केशरीच होते. तर म्हणे मग तुम्हीच बराकीत येऊन सांगा, माझ्या शेजारी कोणी झोपायला तयार नाही.

आज शेवटी ट्रेमध्ये तीन गोळ्या उरल्या. नाव पुकारलं तर वॉर्डर म्हणाला तो काल सुटला की. जामिनाची ऑर्डर संध्याकाळी आली, बराकी बंद व्हायच्या आत बाहेर. पाच आठवडे झाले होते त्याच्या गोळ्यांना, खोकला थांबलेला, वजन 44 चं 46, म्हणजे नेमकी ती वेळ जेव्हा पेशंटला वाटतं आपण बरे झालो आणि 6 महिन्यांचा कोर्स तिथंच सुटतो, मग तोच टीबी औषधाला दाद देईनासा होतो. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं की अजून तीन आठवडे राहिला असता तर कोर्सचा पहिला दोन महिन्यांचा टप्पा तरी झाला असता, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कच्चा कैदी तो, अजून गुन्हापण सिद्ध नाही. सुटका असेल तर आधी दवाखान्यात पाठवा, महिन्याच्या गोळ्या हातात देते, हे ऑफिसला दहादा सांगून झालंय. घाईत कोणाला आठवतंय.

गावच्या उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची नर्स, होते तेव्हा पेशंट घरी नसला तर कुणाच्या शेतात असेल ते मला माहीत असायचं. इथं रजिस्टरमध्ये पत्ता काय, तर गणेश मंदिराजवळ. मोबाईल स्विच ऑफ. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, ट्रान्सफर टाकली आणि ड्युटी संपल्यावर बाहेर येऊन त्या भागातल्या आशाताईंना फोन लावला, तर त्या म्हणतात, "मॅडम, आमच्याकडे तीन गणेश मंदिरं आहेत." म्हणलं तिन्ही बघा हो ताई.

आत्ता रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. दुसऱ्या मंदिरामागं त्याची बहीण राहते. तो अजून घरी आलेला नाही, पण गोळ्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर ते तिनं विचारून ठेवलंय.