आमची वाटचाल : कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका पॅनलवाल्याची

सुरुवात एका शटरच्या गाळ्यात झाली. मी, मामा आणि एक हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल. मामा परवानाधारक वायरमन. केबलच्या टोकाला लग (जोडणीची धातूची टोपी) दाबून झाला की केबल ओढून बघायचे, जरा हलली तर कापून परत. पुढं कित्येक वर्षं एपीएफसी पॅनल (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर, म्हणजे पीएफ, सांभाळणारं) आणि अर्थिंगची कामं केली, पोट भरलं.

सांगायचंय ते २०२० नंतरचं. १ एप्रिल २०२० पासून एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर गेलं, म्हणजे कामाला न लागलेली वीजही युनिटमध्ये धरली जायला लागली. पीएफ पडला की सरळ युनिटच वाढायला लागले. लॉकडाऊन उठल्यावर सगळ्या फाउंड्र्यांना (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांना) एकदम पॅनल हवं झालं. एकीला दिलेल्या कोटेशनमध्ये मी सात टक्क्यांचे डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (हार्मोनिकपासून कपॅसिटर वाचवणाऱ्या कॉइल) धरले होते. परचेसवाल्यांनी लाल पेनानं ती ओळच मारली. "आमच्याकडं ड्राइव्ह कुठायत?" ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी; हार्मोनिक करतात ते हेच. तेव्हा नव्हते, हे खरं. मी तसंच पॅनल दिलं. माझी चूक म्हणायची तर एवढीच.

आठ महिन्यांनी ब्लोअर, कॉम्प्रेसर, सँड प्लांट, सगळीकडं व्हीएफडी बसले. मला कुणी कळवलं नाही. पाचव्या हार्मोनिकनं (मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेचा करंट) कपॅसिटर गाठले. रात्रपाळीत तीन कॅन फुगले, एक फुटला. सकाळी अख्ख्या शिरोलीत एकच, "ह्यांचं पॅनल फुटलं." हातातल्या ऑर्डरी गेल्या, पेमेंट अडकलं.

मग तिथं आमच्याकडंच बसबारचे बोल्ट आवळायला शिकलेला एकजण पोचला. त्यानं रिअ‍ॅक्टर बसवले (आता मात्र पैसे होते!), पण कपॅसिटर ४४० व्होल्टचेच ठेवले. अरे, सात टक्के रिअ‍ॅक्टर लागला की कपॅसिटरवर ४७३ येतात, ५२५ चे नकोत घालायला? उन्हाळ्यात तेही फुगले. वर ड्राइव्ह अधूनमधून ट्रिप व्हायचे, त्याचंही खापर माझ्यावर.

शेवटी मालकांनी स्वतः बोलावलं. मामांचा हातानं फिरवायचा अर्थ टेस्टर घेऊन गेलो. ट्रान्सफॉर्मर न्यूट्रलच्या अर्थिंग खड्ड्याचं झाकण काढलं. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीला ताजा हिरवा रंग. बोल्टला पाना लावला तर बोल्टच हातात आला. रंगाखाली लग आणि पट्टीच्या मध्ये नुसता गंज. न्यूट्रलचा दुसरा खड्डा काँक्रीटखाली गाडलेला. न्यूट्रल ते अर्थ १८ व्होल्ट, जिथं जवळजवळ शून्य हवेत! ड्राइव्ह ट्रिप व्हायचे ते ह्यामुळं. मालक मीटरकडं बघत राहिले, परचेसवाले मोबाइलकडं.

म्हणून सांगतो, अर्थिंग मे महिन्यात मोजा, जमीन कोरडी ठाक असताना. तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यात पाण्याच्या बादल्या ओतून खाली आणलेला ओहम फक्त फायलीला चालतो.

त्या वाईट महिन्यांत उद्यमनगरातले आमचे लेथवाले अण्णा गाळ्यावर आले, एका पॅनलचा पूर्ण अ‍ॅडव्हान्स टेबलावर ठेवला. त्यांना पॅनल वर्षभर लागणारच नव्हतं. "सवडीनं दे," म्हणाले आणि चहा न घेता गेले. त्यावर पोरांचे दोन पगार झाले. त्यांचे खड्डे दर मे महिन्यात मी स्वतः मोजतो, बिल लावत नाही.

फाउंड्रीचं पेमेंट अजून यायचंय.