पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात, पण दुसऱ्या वर्षाचं काय?

आमच्या भावकीतल्या एका पोरीला गेल्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. सहा वर्षांची पोर, सारखा ताप यायचा, पाय दुखतात म्हणून रात्रभर रडायची, अंगावर निळे डाग, शेवटी कराडला रक्त तपासलं आणि डॉक्टर म्हणले वेळ घालवू नका, परळला टाटाला न्या. मी मुंबईतच कामाला असल्यामुळं पुढचं सगळं जवळून बघितलं, आणि हे लिहायचंच होतं कारण अशी वेळ तुमच्यापण गावात कुणावर तरी आलेली असणार.

आधी एक सांगतो, लहान पोरांचा हा कॅन्सर, एएलएल म्हणतात, बऱ्याच पोरांचा पूर्ण बरा होतो. पण ट्रीटमेंट चालते दोन ते अडीच वर्षं. पहिले काही महिने लय कडक असतात, नंतर मेंटेनन्स, म्हणजे बहुतेक गोळ्या घरीच पण चेकअपला वारंवार यायचं. आणि खरी भीती इथंच आहे. पैसे संपतात, गावाकडं दुसरं पोर असतं, म्हैस असते, लावणी तोंडावर आलेली असते, आणि पोर जरा खेळायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं आता बरं, आणि ट्रीटमेंट अर्धवट सुटते. मग आजार उलटला की हातात फार काही राहत नाही.

पाटण तालुक्यातल्या बऱ्याच गावांसारखी आमच्या गावाची पण लालबागला खोली आहे, गिरणीच्या काळातली. 1982 च्या संपानंतर बरेच जण गावाला गेले पण खोली राहिली, आता तिथं माथाडीतली आणि कुरिअरवाली पोरं राहतात. पोरीचा बाप, म्हणजे आमचा भाऊ, तिथं झोपायला असायचा. पोरीला मात्र तिथं ठेवणं शक्यच नव्हतं, किमोत पांढऱ्या पेशी एवढ्या खाली येतात की साधी सर्दीपण महागात पडते, मग एवढ्या गर्दीच्या खोलीत कसं ठेवणार. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर समिती, खास लहान पोरांसाठी 2006 पासून चालणारी सेंट ज्यूडची सेंटर, राहायच्या सोयीसाठी ही नावं लक्षात ठेवा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारलं की ते रस्ता दाखवतात. जागा मिळेपर्यंत काळाचौकीच्या आमच्या चुलतीनं पोरीचा डबा दिला, ताजं, गरम, उकळलेलं पाणी, कच्चं काही नाही, आणि ते पण रोज न चुकता.

खरी धावपळ प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींची. त्या 5 दिवसच टिकतात त्यामुळं आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत, माणूसच लागतो आणि तो पण ऐनवेळी. त्या द्यायला मशिनवर तास-दीड तास बसावं लागतं, रात्रपाळी करून आलेली पोरं तशीच जाऊन बसली. खोलीतल्या एकानं भिंतीवर कागद लावला, कुणाचा कुठला ग्रुप, कुणाला कधी सुट्टी, कुणी शेवटचं कधी दिलं, आणि त्या कागदावर गाडी चालली. व्हॉट्सॲपवर अर्जंट अर्जंट म्हणून मेसेज फिरवण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं.

कागदपत्रांचं पण असंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार बसतात, पण पोरीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं! आई पोरीजवळ, बाप औषधाच्या लायनीत, तहसीलला कोण जाणार? गावातले गुरुजी गेले, परत परत गेले, नाव चढवून आणलं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं आणि सोबतच्याला 75 टक्के सूट मिळते, हॉस्पिटलचा दाखला घ्यायचा, हे पण त्यांनीच शोधून काढलं.

गावात त्या वर्षी यात्रेला तमाशा आणला नाही, ते पैसे भाऊच्या खात्यावर टाकले. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण मला त्याहून जास्त भिडलं ते शेजारच्या काकींचं, पोरीचा मोठा भाऊ त्यांच्याकडंच जेवायचा, झोपायचा, शाळेत जायचा, म्हशीची धार पण काकीच काढायच्या आणि डेअरीचे पैसे वहिनीच्या नावानं वेगळे ठेवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि काही लोकांना हात जोडून सांगायचंय. बघायला म्हणून घोळक्यानं जाऊ नका. कुणाची नजर लागली, देवऋषीला दाखवा, गरोदरपणात काय खाल्लेलं, असलं त्या आईला विचारू नका, आईच्या चुकीनं हा आजार होत नाही आणि तो पसरत पण नाही. नुसतं "काय लागलं तर सांगा" म्हणून पण होत नाही, ती माणसं कधीच सांगत नाहीत. मी शुक्रवारी धार काढतो, मी सोमवारी डबा देते, असं बोला.

पोरगी आता मेंटेनन्सवर आहे, केस परत आलेत, वजन वाढलंय. आणि नेमकं आताच फोन कमी झालेत, सगळ्यांना वाटतंय संपलं. संपलं नाही, अजून वर्षाच्या वर बाकी आहे. म्हणून गावाकडच्यांना सांगणं, यंदा लावणीत भाऊ गावात असेल नसेल, त्याच्या वावराचा पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायचं, आत्ताच धरून ठेवा, आबांना मी फोन केलाय, तुमचं नाव त्यांच्याकडं द्या.