बाई झाल्या पोडायट्रिस्ट

इंग्लंडमधल्या शाळेत मनात आलं की राजीनामा, असं चालत नाही. ऑगस्टअखेर मोकळं व्हायचं असेल तर ३१ मेच्या आत तो द्यावा लागतो. तारीख हुकली की थेट डिसेंबर. वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत होते. चाळिशी उलटली होती, कर्ज फिटायचं होतं आणि सप्टेंबरपासून मी पोडायट्रीच्या पदवीला पहिल्या वर्षात बसणार होते. म्हणजे पायांची नखं, कातडी, रक्तपुरवठा, संवेदना, चाल, सगळ्याचं वैद्यक. साताऱ्याला फोन केला तर आई म्हणाली, "अगं, पोरं बाईंच्या पाया पडतात. तू बाई होऊन लोकांचे पाय धरणार?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "पगार किती?"

पैशाचं आधी सांगते, कारण त्यावाचून पुढचं काहीच झालं नसतं. इथे दुसऱ्या पदवीला सरकारी कर्ज सहसा मिळत नाही, पण नर्सिंग, पोडायट्री अशा अभ्यासक्रमांना २०१७पासून सूट आहे. शिवाय एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान मिळतं, ते परत करायचं नसतं. पोडायट्रीला माणसं कमी पडतात म्हणून वर आणखी १,००० पौंड. घर त्यावर चालत नाही. नवऱ्याचा पगार होता आणि शनिवारी मी शिकवण्या घेत होते.

मुलाखतीत वीस वर्षांची पोरं आणि मी. शाळा का सोडता, यापेक्षा क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काय पाहिलंत, यावर त्यांचा जास्त भर होता. मी सुट्टीत एका खासगी पोडायट्रिस्टकडे जाऊन बसले होते, तेच कामाला आलं. ज्यांना हा रस्ता खुणावतोय त्यांनी अर्जाआधी हे जरूर करावं. म्हाताऱ्या माणसाची जाड, पिवळी, बुरशी लागलेली नखं तासभर बघवली नाहीत, तर शिक्षकी पेशाला कितीही कंटाळलेले असा, इकडे फिरकू नका.

शरीररचना मला जड गेली नाही. एका पायात २६ हाडं, त्यांची नावं पाठ करणं हा माझ्यासारखीच्या हातचा मळ. कस लागला तो स्कॅल्पेलशी. घट्टे काढायला मोठं १० नंबरचं पातं, भोवरीच्या मुळाशी जायला बारीक १५ नंबरचं. आधी साबणाच्या वड्यांवर सराव, मग एकमेकांच्या टाचांवर, मग रुग्ण. करंगळी रुग्णाच्या पायावर टेकवायची, म्हणजे त्याने पाय हलवला तरी तुमचा हात त्याच्याबरोबर हलतो. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कातडी ताणायची, पातं जवळजवळ आडवं धरायचं आणि पापुद्रे काढत जायचे. शिकवणारी मुलगी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती माझं मनगट धरून कोन बदलायची आणि मी मान डोलवायचे. शाळेत एखादा पोरगा प्रयोगाला हात लावायला का घाबरतो, ते मला तेव्हा नीट कळलं.

पण भोवरीचा गाभा निघाला, आजी उठून चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, दुखत नाही. त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत होते. वर्गात शिकवलेलं कुठे पोचलं हे कळायला वर्षं जातात, कधी कळतच नाही. इथे निकाल त्याच खुर्चीपाशी लागतो.

सुमारे हजार तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढावे लागतात. त्यात मधुमेही पायांच्या क्लिनिकने मला धरून ठेवलं. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू असतो. रुग्णाने डोळे मिटायचे, तळव्याला स्पर्श जाणवला की "हो" म्हणायचं. एक आजोबा शांत बसून राहिले. त्यांना वाटलं, मी अजून सुरुवातच केली नाही. त्यांच्या चपलेतून वर आलेला खिळा मीच दाखवला. मधुमेहाने असा बधिर झालेल्या पायावर जखम दिसली की एका कामाच्या दिवसात तज्ज्ञ पथकाकडे पाठवायचं, हा इथला नियम.

शिक्षकी कुठे कामाला आली, तर इथे. पत्रकं वाटून काही होत नाही असं माझं ठाम मत आहे. मी आरसा हातात देते आणि रुग्णालाच विचारते, "तळव्यावर काय दिसतंय?" घरी रोज हेच कोण बघणार, हेही त्याच्याच तोंडून वदवून घेते.

पदवीनंतर एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी झाली. त्याशिवाय स्वतःला पोडायट्रिस्ट म्हणवणं हा इथे गुन्हा आहे. जागेपुरती भूल देण्याची परवानगीही त्याच नोंदीत लिहिलेली असते; आत रुतलेलं नख काढून मुळाशी फिनॉल हे मूळ जाळणारं रसायन लावायचं तर ती लागतेच. आता सरकारी क्लिनिकमध्ये बँड ५वर, म्हणजे नव्या पदवीधरांच्या पगारश्रेणीवर, आहे. आईच्या प्रश्नाचं उत्तर: शाळेत मिळत होता त्यापेक्षा कमी. बँड ६ची जागा निघाली की अर्ज करणार आहे.