एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गंज: माझा अनुभव

माझ्या बोटीचं पेट्रोल इनबोर्ड इंजिन थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, म्हणजे खारं पाणी ब्लॉकमधून आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) जॅकेटमधून, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पाण्याच्या वाटांमधून, फिरून बाहेर पडतं. बिडाचं लोखंड, मीठ आणि वर एक्झॉस्टची उष्णता, मग गंज नाही लागला तरच नवल. बोट सेकंडहँड घेतलेली, मॅनिफोल्ड कधीचे आहेत ते आधीच्या मालकालाही सांगता येईना, आणि खाऱ्या पाण्यात ते साधारण ५-७ वर्षंच धरतात, म्हणून म्हटलं उघडूनच बघू.

बाहेरून रंग एकदम मस्त. रायझर, म्हणजे मॅनिफोल्डवर बसणारा धुराचा नळ, काढला तर आत गंजाचे पापुद्रे आणि पाण्याच्या वाटा निम्म्या बुजलेल्या! गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो ना, त्यामुळे भिंत पातळ होते आणि वाटही चोंदते. पण खरी भीती गॅस्केट (जोडातली गळती रोखणारा पातळ थर) बसते त्या फेसची, म्हणजे सपाट बाजूची. तिथे पाणी आणि धूर यांच्यामधे लोखंडाची जेमतेम एक पट्टी असते, तिच्यात खड्डे पडले की पाणी धुराच्या बाजूला झिरपतं, इंजिन बंद असताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात उतरतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला पिस्टन अडकतो, कधी कनेक्टिंग रॉडच वाकतो. स्पार्क प्लग काढून बघितले, कोरडे होते, हुश्श.

फेसवर मोजायची सरळ पट्टी ठेवून पाहिलं तर एका मॅनिफोल्डवर खड्डा त्या मधल्या लोखंडी पट्टीच्या आरपार. दोन्ही बदलले. दुसराही त्याच वयाचा, त्याच्यावर कशाला भरवसा ठेवायचा. नवीन गॅस्केट, बोल्ट मधून कडेला टप्प्याटप्प्याने, टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, आणि इंजिन एकदा तापून गार झाल्यावर टॉर्क परत चेक.

आता फेरी मारून आलो की गोड्या पाण्याने फ्लश, इंजिन चालू ठेवून, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत. घाईत दोन मिनिटं पाणी सोडून बंद केलं तर ब्लॉकमधे खारं पाणी तसंच राहतं. बोट बरेच दिवस उभी राहणार असेल तर ड्रेन प्लग काढायचे आणि भोकात तार घालायची, कारण तिथेच गंजाचा चुरा अडकतो आणि आपल्याला वाटतं सगळं पाणी गेलं. पण नुसतं रिकामं करून सोडायचं नाही बरं का, ओलं लोखंड आणि भरपूर हवा म्हणजे गंजाची चंगळच, मी गंजरोधक असलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल (अँटीफ्रीझ) भरून ठेवतो. 

झिंक अॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे जस्ताचे तुकडे) आहेत की, मग काळजी कसली, असं बरेच जण सांगतात. बोटीच्या बुडाला लावलेल्या अॅनोडचं संरक्षण मॅनिफोल्डच्या आतल्या अरुंद वाटांपर्यंत पोचत नाही हो.

क्लोज्ड कूलिंगचं किटही बघून ठेवलंय, त्यात आत कूलंट फिरतं आणि खारं पाणी फक्त हीट एक्सचेंजरमधून (जिथे कूलंटची उष्णता खारं पाणी घेतं) जातं. घेताना एवढं बघा, ‘हाफ’ म्हणजे अर्ध्या प्रकारच्या किटमधे फक्त ब्लॉकला कूलंट मिळतं, मॅनिफोल्ड खाऱ्या पाण्यावरच राहतात. मला पूर्ण किट हवंय. तरी एल्बोमधे, म्हणजे मॅनिफोल्डपुढच्या वाकड्या नळात, धुरात खारं पाणी मिसळणारच, त्यामुळे तो अधूनमधून उघडावा लागेलच, म्हणून एल्बोचं एक जादा गॅस्केट मी बोटीवरच ठेवतो.