उह्रोव्हेत्समधलं एक बैठं घर

स्लोवाकियात जाऊन किल्ले, गुहा, गरम पाण्याचे झरे बघायचे सोडून मी एक अख्खा दिवस दीड हजार वस्तीच्या खेड्यासाठी राखून ठेवला होता. त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

बानोव्त्सेहून निघालेली बस रादिशा नदीच्या खोऱ्यात शिरते. नदी म्हणायची, पण अंगाने ओढाच. दोन्ही हातांना स्त्राझोव्हचे डोंगर, त्यांवर बीच झाडांचं दाट रान. उह्रोव्हेत्सला उतरले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा सोबतीला.

मला बघायचं होतं ते घर पांढऱ्या भिंतींचं, बैठं; आता तिथे संग्रहालय आहे. पूर्वी इथे इव्हँजेलिकल पंथाची शाळा भरायची आणि मास्तरांचं बिऱ्हाडही इथेच असायचं. सामुएल श्टूर या मास्तरांच्या घरी 1815 च्या ऑक्टोबरात ल्युदोवीत श्टूर जन्मला, स्लोवाक लेखनभाषेचा पाया घालणारा. पुढे 106 वर्षांनी, 1921 च्या नोव्हेंबरात, याच छपराखाली चेकोस्लोव्हाकियाचे पुढचे कम्युनिस्ट नेते अलेक्झांडर दुबचेक जन्मले. आईवडील शिकागोहून नुकतेच मायदेशी परतले होते, वडील सुतारकाम करायचे. एका देशाच्या इतिहासातली दोन एवढी मोठी माणसं एकाच घरात जन्मावीत, हे मला तिथे उभं राहूनही खरं वाटेना.

श्टूरच्या खोलीत मी बराच वेळ रेंगाळले. तेव्हाचे स्लोवाक प्रोटेस्टंट लिहायला चेक वापरत, तर कॅथलिकांची बेर्नोलाक या धर्मगुरूने घालून दिलेली वेगळी लेखनभाषा होती. घरात एक भाषा, कागदावर दुसरी. 1843 मध्ये श्टूर आणि त्याचे सहकारी हुर्बान व होजा हे तिघे ह्लबोके गावी जमले आणि मध्य स्लोवाकियातली बोली लिखाणासाठी धरायची, असं त्यांनी ठरवलं. श्टूर तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा. 'वाय' हे अक्षर त्याने काढूनच टाकलं: 'आय'हून उच्चारात फरक नाही, तर लिहायचं कशाला? दहाएक वर्षांतच सुधारणा होऊन ते परत आलं, पण पाया त्याचाच राहिला. ब्रातिस्लावाच्या लायसियममधून त्याला काढलं तेव्हा 1844 मध्ये त्याचे विद्यार्थी शाळा सोडून निघाले. त्याच दिवसांत त्यांच्यातल्या यांको मातूश्काने लिहिलेलं गीत आज स्लोवाकियाचं राष्ट्रगीत आहे. श्टूर मात्र चाळिशीत गेला. शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागली आणि त्या जखमेने 1856 च्या जानेवारीत मोद्राला त्याचा अंत झाला.

दुबचेक तीन वर्षांचे असताना कुटुंबाने किरगिझस्तान गाठलं, म्हणजे गावाने त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं ते तेवढंच. नाझींविरुद्धच्या 1944 च्या स्लोवाक उठावात ते लढले, जखमी झाले; भाऊ गमावला. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाल्यावर त्यांच्याच काळात सेन्सॉरशिप उठली, लोक मोकळेपणी बोलू-छापू लागले. ऑगस्टात सोव्हिएत फौजांचे रणगाडे आले. पुढे पक्षातून हकालपट्टी, ब्रातिस्लावात वनखात्यात नोकरी, पाळत. वीस वर्षं! नोव्हेंबर 1989 मध्ये, कम्युनिस्ट राजवट कोसळत असताना, प्रागच्या सज्जात विरोधकांचे नेते हावेल यांच्याशेजारी ते उभे असलेलं चित्र पाहताना माझा गळा दाटून येतो. सत्ता गेल्यावर माणूस कडवट होतो, हे मी खूपदा पाहिलंय. दुबचेक झाले नाहीत, म्हणून मला ते जास्त जवळचे वाटतात.

निघताना तिथल्या बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी मराठीत चार ओळी लिहिल्या. त्यांनी चष्मा चढवला आणि खुणेने विचारलं, यात श्टूर कुठे आहे? मी दाखवलं. ऱ्हस्व-दीर्घ आमच्याकडेही असतं, हे सांगायला 'टू'चा ऊकार बोटाने गिरवला. स्लोवाकमध्ये लिहिलेल्या श्टूरच्या नावातल्या 'यू'वरही दीर्घाची खूण असते. बाई हसल्या, शेजारच्या खोलीतल्या सहकारिणीला हाक मारली आणि दोघी वहीवर वाकून ते एकच अक्षर बघत राहिल्या.

परतीच्या बसला अजून पाऊण तास होता. मी रादिशाकाठी जाऊन बसले.