केबल लांब केली आणि ‘निरोप’ गायब झाला

“मॅडम, डावीकडचा पोलरायझर फिरवला की उजवीकडचे काउंट बदलतायत.”

प्रयोगशाळेत नव्यानेच रुजू झालेल्या सहकाऱ्याने हे इतकं सहज सांगितलं की मी आधी नुसतं “हं” केलं. मग हातातलं काम ठेवून उठले. तो म्हणतो तसं खरोखर घडत असेल, तर प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडणारं यंत्र आमच्या टेबलावर उभं होतं.

मांडणी नेहमीचीच. 405 नॅनोमीटरचा जांभळा लेझर एकमेकांना काटकोनात चिकटवलेल्या दोन बीबीओ स्फटिकांतून जातो. क्वचित एखाद्या फोटॉनमधून, म्हणजे प्रकाशकणातून, 810 नॅनोमीटरच्या एंटँगल्ड फोटॉनांची जोडी निघते; एंटँगल्ड म्हणजे ज्यांच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी बांधलेले असतात असे. एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. दोन्ही वाटांवर पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणारी चकती), त्यामागे सुटा फोटॉन टिपणारा डिटेक्टर, आणि दोन्ही डिटेक्टरांच्या केबल एकाच टाइम-टॅगरमध्ये, म्हणजे प्रत्येक फोटॉनच्या टिकटिकीची वेळ नोंदवणाऱ्या यंत्रात. उजवा पोलरायझर त्याने जागचा हलवला नव्हता. डावा मात्र थोडाथोडा फिरवत होता, आणि पडद्यावर ‘उजवा’ या रकान्याचा आलेख सेकंदाला 3000 पासून जवळजवळ शून्यापर्यंत छान लाटेसारखा वरखाली होत होता.

मला खटकला तो आकडा. उजवा डिटेक्टर एरवी सेकंदाला 30 हजारांच्या घरात मोजतो. मग 3000 कसे? संशय आला, पण बोलले नाही. असल्या गोष्टी सांगून पटत नाहीत. त्याला म्हटलं, स्टोअरमधून एक लांब कोएक्सियल केबल घेऊन ये.

डाव्या डिटेक्टरची केबल काढून आम्ही 10 मीटर जास्त लांबीची जोडली. फोटॉनांच्या वाटेला बोटही लावलं नाही: लेझर तोच, स्फटिक तेच, पोलरायझर तेच. आणि उजवीकडची लाट साफ झोपली! सेकंदाला तीन-चार काउंट, डावा पोलरायझर कसाही फिरवा.

केबलमध्ये विजेचा स्पंद नॅनोसेकंदाला साधारण 20 सेंटीमीटर सरकतो. म्हणजे डावीकडची टिकटिक आता 50 नॅनोसेकंद उशिरा पोचत होती. सॉफ्टवेअरमधला डिले 50 नॅनोसेकंदांनी बदलला, तर लाट पुन्हा जशीच्या तशी हजर. त्याने दोन-तीनदा डिले पुढेमागे करून पाहिला.

“म्हणजे निरोप या केबलमधून येतोय,” तो म्हणाला.

अगदी. डिस्कवर जागा वाचावी म्हणून कोणीतरी फार पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये एक चाळणी लावून ठेवली होती. उजव्या फोटॉनची नोंद तेव्हाच व्हायची, जेव्हा 4 नॅनोसेकंदांच्या खिडकीत डावीकडूनही टिकटिक आलेली असेल. रकान्याचं नाव ‘उजवा’, पण आत सगळे कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी टिपलेले फोटॉन. त्या तीन-चार काउंटांचाही हिशेब लागतो: दोन्हीकडचे 30-30 हजार आणि 4 नॅनोसेकंद यांचा गुणाकार 3.6. निव्वळ योगायोगाने एका खिडकीत सापडलेले, एकमेकांशी काही नातं नसलेले फोटॉन.

चाळणी काढून सगळ्या नोंदी घेतल्या. डावा पोलरायझर शून्यावर असो की 90 अंशांवर, उजवीकडे 30 हजार. मागेपुढे होतात ते शे-दीडशे, तेवढं मोजणीत होणारच. उजवीकडच्या माणसापाशी फक्त त्याचे फोटॉन असतील, तर डावीकडे कोणी काय फिरवलं, किंबहुना तिथे कोणी आहे की नाही, हे त्याला कळायचा मार्ग नाही. नातं त्या नोंदींमध्ये आहे, पण डावीकडची यादी फोनने, तारेने, कागदावर, म्हणजे साध्या मार्गाने हाती आल्याशिवाय ते दिसत नाही. “एक कण मोजला की दुसऱ्याला तत्क्षणी कळतं” असं लिहिणारे नेमकी ही तारच गाळतात, याचा मला मनापासून राग आहे.

पण गडी हुशार. थोड्या वेळाने नवा मुद्दा घेऊन आला: उजवीकडच्या फोटॉनच्या पुष्कळ प्रती काढल्या आणि वेगवेगळ्या कोनांत मोजल्या, तर डावीकडे कोणत्या कोनात मोजलं ते कळेलच की! हीच युक्ती भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी 1982 मध्ये छापून आणली होती. तो लेख तपासणाऱ्यांपैकी एक होते ॲशर पेरेस. युक्ती चुकीची आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो छापण्याची शिफारस केली, कारण चूक शोधताना काहीतरी मोलाचं हाती लागेल असा त्यांचा होरा होता. लागलंच. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघू शकत नाही हे दाखवून दिलं. असे परीक्षक आता मिळतील का, हा वेगळा प्रश्न.

मग साहजिकच टेलिपोर्टेशनचा, म्हणजे कण न पाठवता त्याची अवस्था दूर पोचवण्याचा, विषय निघाला. 1993 च्या त्या मूळ योजनेत पाठवणारा आपला क्यूबिट (ज्याची अवस्था पोचवायची तो कण, क्वांटम जगातला ‘बिट’) आणि एंटँगल्ड जोडीतला आपला वाटा एकत्र मोजतो. निकाल चारांपैकी एक, म्हणून दोन साधे बिट पाठवावे लागतात. ते मिळेपर्यंत पलीकडच्या क्यूबिटवर काहीही मोजा, निकाल निम्मे-निम्मे. तो अडखळला मात्र दुसऱ्याच गोष्टीवर: ते दोन बिट वाटेत कोणी चोरले तर?

चोरू दे. चारही निकालांची शक्यता प्रत्येकी 25 टक्के असते, मूळ अवस्था कोणतीही असो. त्यामुळे त्या दोन बिटांत तिच्याबद्दल काहीच नसतं. पलीकडच्या एकट्या क्यूबिटमध्येही नसतं. दोन्ही एकाच हातात आले, ठरलेली दुरुस्ती केली, की अवस्था अख्खी तयार. बरं, ती मिळाली तरी वाचता येतेच असंही नाही. एका सुट्या क्यूबिटमधून एका बिटापेक्षा जास्त काही काढता येत नाही, हे होलेव्हो यांनी 1973 मध्येच सिद्ध करून ठेवलंय.

“मग एवढा खटाटोप कशाला?” त्याने विचारलं.

वाचायला नाही, म्हटलं, न वाचता पुढे द्यायला. ते त्याला त्या दिवशी पटलं नाही. रकान्याचं नाव मात्र त्याने लगेच बदललं.